लेख मिळतो, कोश मिळत नाही : सोलापुरात माध्यम-अभ्यासाचे संदर्भग्रंथ

पत्रकारिता किंवा जनसंज्ञापनात (मास कम्युनिकेशनमध्ये) संशोधन करणाऱ्यांची सोलापुरात सध्या उलटी गंमत झाली आहे. पूर्वी परदेशी जर्नलमधला एखादा लेख हवा असला की पुण्या-मुंबईच्या ओळखीपाळखी काढाव्या लागत. आता ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आणि सरकारी विद्यापीठांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नलं खुली झाली. केगावच्या सोलापूर विद्यापीठात बसून ऑक्सफर्ड, सेज, टेलर अँड फ्रान्सिस यांचे लेख उतरवून घेता येतात. मात्र योजना आहे जर्नलांची. ज्ञानकोश, शब्दकोश, हँडबुक हे बहुतेक सगळे तिच्या बाहेर राहिले. म्हणजे विसावा लेख सहज मिळतो, पण पहिला लेख कोणता वाचायचा हे सांगणारा कोश मिळत नाही. म्हणूनच छापील संदर्भ विभागाला अजून किंमत आहे. त्यातला कोणता ग्रंथ उपयोगी, कोणता नुसता कपाट अडवतो, आणि शहरात नसेल तर तो कसा गाठायचा, एवढंच इथे पाहायचं आहे.

आधी कपाट सापडलं पाहिजे. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रंथालयांत ड्यूई दशांश वर्गीकरण चालतं आणि त्यात माध्यमं हा विषय एका जागी नाही. वृत्तपत्रविद्या ०७० वर. भारतातल्या वृत्तपत्रांचा इतिहास ०७९.५४ वर. संज्ञापनाचे सिद्धांत ३०२.२ आणि जनमाध्यमं ३०२.२३ वर, म्हणजे थेट समाजशास्त्राच्या शेजारी. प्रसारण व दूरसंचार ३८४, जाहिरात ६५९.१, जनसंपर्क ६५९.२, चित्रपट ७९१.४३, रेडिओ ७९१.४४, टीव्ही ७९१.४५ आणि माध्यमकायदा ३४३.०९९ च्या आसपास. एका विषयाची ही आठ-नऊ ठिकाणं. विद्यार्थी ०७० चं कपाट बघतो, तिथे बातमीलेखनाची पाठ्यपुस्तकं दिसतात, आणि ‘इथे काही नाही’ म्हणून परत फिरतो. सिद्धांतांचा कोश तेव्हा दोन रांगा पलीकडे समाजशास्त्राच्या पुस्तकांत उभा असतो. त्यात भर म्हणजे ड्यूईच्या जुन्या आवृत्त्यांत संज्ञापन ००१.५ वर होतं. जुन्या ग्रंथालयांनी तेव्हाची पुस्तकं पुन्हा वर्गीकृत केलेली नसतात, म्हणून ००१ वरही एकदा नजर टाकावी. चाळीस वर्षांपूर्वीचा माल बहुधा तिथेच असतो.

संगणकावरच्या तालिकेत शोधताना आणखी एक गोची होते. आपल्याकडची ग्रंथालयं कोहा, सोल किंवा ई-ग्रंथालय या संगणकप्रणालींपैकी काहीतरी वापरतात. मराठी पुस्तकांच्या नोंदी कुठे देवनागरीत आहेत, कुठे रोमन लिपीत, आणि रोमन लिहिणाऱ्याने ‘वृत्तपत्र’ कसं लिहिलं असेल याचा नेम नाही. म्हणून एकच शब्द टाकून थांबू नका. मराठीत ‘वृत्तपत्रविद्या’, ‘पत्रकारिता’, ‘संज्ञापन’, ‘जनसंज्ञापन’, ‘प्रसारमाध्यमे’ हे पाचही टाका. हिंदी पुस्तकांसाठी ‘जनसंचार’ टाका. इंग्रजीत ‘कम्युनिकेशन’ एकवचनी आणि ‘कम्युनिकेशन्स’ अनेकवचनी, दोन्ही शोधा. शेवटी ‘एस’ लागला की निकालांत टेलिफोन आणि उपग्रहांची पुस्तकं घुसतात, पण एक महत्त्वाचा कोश त्या ‘एस’मागेच दडलेला आहे. संदर्भग्रंथाच्या नोंदीपुढे ‘नॉट फॉर लोन’ दिसलं तर निराश व्हायचं कारण नाही. पुस्तक घरी न्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते हजर असण्याची शक्यता उलट जास्त.

‘एस’मागचा तो कोश म्हणजे एरिक बार्नो यांनी संपादित केलेला ‘इंटरनॅशनल एन्सायक्लोपीडिया ऑफ कम्युनिकेशन्स’. ऑक्सफर्डने १९८९ साली चार खंडांत काढला. त्याच्याशी कायम गल्लत होते ती वोल्फगांग डोन्सबाख यांच्या २००८ सालच्या बारा खंडी ‘इंटरनॅशनल एन्सायक्लोपीडिया ऑफ कम्युनिकेशन’ची. नावात फरक एका अक्षराचा, ग्रंथांत जमीन-अस्मानाचा. बार्नो हे प्रसारणाचे इतिहासकार. एस. कृष्णस्वामी यांच्याबरोबर त्यांनी भारतीय चित्रपटावरही पुस्तक लिहिलं आहे. त्यामुळे त्यांच्या कोशात मुद्रण, लिपी, नाट्य, छायाचित्र, प्रचार यांच्या इतिहासावर ऐसपैस, वाचनीय नोंदी आहेत. इंटरनेट नाही, आणि त्या वर्षी ते असणारही नव्हतं. डोन्सबाखचा कोश आंतरराष्ट्रीय संज्ञापन संघटनेच्या सहकार्याने झालेला, तेराशेच्या वर नोंदींचा, काटेकोर आणि कोरडा. परिणाम-सिद्धांत (माध्यमांचा लोकांवर काय परिणाम होतो याचे), राजकीय संज्ञापन, संशोधनपद्धती यांत त्याच्या तोडीचा दुसरा नाही. ग्रंथालयात बार्नोचे चार खंड असतील तर ‘जुने’ म्हणून बाजूला सारू नका. इतिहासाच्या प्रकरणासाठी ते आजही पहिल्या पसंतीचे. डोन्सबाखचा संच एखाद्या महाविद्यालयाने विकत घ्यावा असं मात्र म्हणवत नाही. पैसा आणि कपाटाची जागा, दोन्ही गिळतो. त्याच संपादकाचा २०१५ सालचा एकखंडी संक्षिप्त कोश पदव्युत्तर वर्गाच्या बहुतेक गरजा भागवतो.

बहुखंडी कोश हातात आला की पहिला खंड उघडायचा नाही. शेवटचा उघडायचा, कारण सूची तिथे असते. ‘गेटकीपिंग’वर, म्हणजे कोणती बातमी आत घ्यायची आणि कोणती अडवायची यावर, स्वतंत्र नोंद एक असेल, पण सूचीत त्या शब्दापुढे खंड आणि पानांचे आठ-दहा आकडे सापडतात, आणि कामाचा मजकूर पुष्कळदा त्या दुसऱ्याच नोंदींत असतो. इथेच एक नेहमीचा घोळ होतो. प्रत्येक खंडाला वेगळा दाखल क्रमांक असतो, त्यामुळे शेवटचा खंड बांधणीला गेला किंवा गहाळ झाला तरी तालिकेत संच पूर्ण दिसतो. सूचीचा खंड नसलेला संच म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी. काउंटरवर ‘संच आहे का’ असं विचारू नका. ‘सूचीचा खंड जागेवर आहे का’ असं विचारा.

एकखंडी शब्दकोशांत दोन नावं सतत समोर येतात. वॉटसन आणि हिल यांचा कोश १९८४ पासून आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढत आला आहे. नोंदी जरा सैल आणि समजावून सांगणाऱ्या, उदाहरणं ब्रिटनची. डॅनियल चँडलर आणि रॉड मंडी यांचा ऑक्सफर्ड कोश २०११ चा, तिसरी आवृत्ती २०२० ची. नोंदी आखूड, व्याख्या नेमक्या, एका संज्ञेचे वेगवेगळ्या शाखांतले अर्थ क्रमांक टाकून वेगळे केलेले. निवड करायचीच तर चँडलर-मंडी, आणि तोही तिसऱ्याच आवृत्तीचा. समाजमाध्यमांची शब्दसंपत्ती इतकी झपाट्याने बदलली की पहिली आवृत्ती आता तोकडी पडते. दोन्ही कोशांत भारत शोधायला जाल तर हाती फारसं लागत नाही. व्याख्येपुरते ते ठीक. प्रबंधात मात्र व्याख्या शब्दकोशातून उचलून तिथेच थांबायचं नाही. परीक्षक पहिली लाल रेघ त्याच ओळीखाली मारतो.

सिद्धांतांसाठी लिटलजॉन आणि फॉस यांचा २००९ चा दोन खंडी ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ कम्युनिकेशन थिअरी’ आणि पद्धतीसाठी माइक ॲलन यांचा २०१७ चा चार खंडी ‘सेज एन्सायक्लोपीडिया ऑफ कम्युनिकेशन रिसर्च मेथड्स’. पहिला उत्तम. प्रत्येक सिद्धांत कुठून आला, त्यावर आक्षेप कोणते, हे चार-पाच पानांत उरकतो. दुसऱ्याबद्दल थोडं जपून. संख्याशास्त्राच्या चाचण्या तो छान समजावतो, पण उदाहरणं अमेरिकन विद्यापीठांतल्या प्रश्नावल्यांची. सोलापुरात एकाच घरात तेलुगू बोलली जाते, मराठी पेपर येतो आणि हिंदी बातम्या पाहिल्या जातात. अशा घरात प्रश्नावली कोणत्या भाषेत द्यायची, हा प्रश्न त्या कोशाला पडलेलाच नाही. आशय-विश्लेषणातली संकेतकांची एकवाक्यता, म्हणजे मजकुराची वर्गवारी करणाऱ्यांचं आपसातलं एकमत, मोजायची असेल तर मात्र तोच उघडा. कोहेनचा काप्पा आणि क्रिपेनडॉर्फचा अल्फा या दोन मापांत फरक काय, कोणता कधी वापरायचा, हे त्यात नीट मिळतं.

हे सगळं एका प्रश्नावर चालवून बघू. समजा विषय आहे : जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचं, म्हणजे आपल्या गड्ड्याचं, स्थानिक दैनिकांनी केलेलं वार्तांकन. हाती कल्पना एवढीच, की कुणी ती श्रद्धेची बातमी करतं, कुणी गर्दी आणि वाहतुकीची, कुणी बाजारपेठेची. चँडलर-मंडी उघडा, ‘फ्रेमिंग’ पाहा. व्याख्या मिळते आणि शेजारच्या नोंदींकडे जाणाऱ्या खुणा मिळतात. दहा मिनिटांचं काम. मग लिटलजॉन-फॉस किंवा डोन्सबाख. तिथे कळतं की ही कल्पना समाजशास्त्रात अर्व्हिंग गॉफमन यांच्या १९७४ च्या ग्रंथाने रुजवली आणि माध्यम-अभ्यासात रॉबर्ट एंटमन यांच्या १९९३ च्या लेखाने ती एका चौकटीत बसवली : प्रश्न कसा मांडला, कारण कुणाच्या माथी मारलं, नैतिक निवाडा काय दिला, उपाय काय सुचवला. नोंदीखालच्या वाचनयादीत ‘जर्नल ऑफ कम्युनिकेशन’चा खंड आणि पान मिळतं. ते जर्नल ऑक्सफर्डचं, म्हणजे योजनेत आलेलं. विद्यापीठाच्या नेटवर्कवर किंवा संस्थेच्या लॉगिनवर लेख पाच मिनिटांत हातात. कोश, वाचनयादी, लेख या क्रमाने एका दुपारी पाया तयार होतो. उलट क्रमाने, म्हणजे गुगलवर ‘फ्रेमिंग’ टाकून सुरुवात केली, तर हजारो लेखांत एंटमन कुठे आणि कालचा नवशिका कुठे, हे ओळखायलाच महिना जातो.

गुगल स्कॉलर वाईट नाही. त्याची पाळी कोशानंतर येते. एंटमन सापडला की ‘याचा संदर्भ कुणी दिला’ या दुव्यावरून पुढे जाताना ते कामाचं.

छापील कोश शहरात नसेलच तर फुकटात किती मिळतं? ऑक्सफर्ड रेफरन्स या संकेतस्थळावर बऱ्याच नोंदींच्या पहिल्या काही ओळी दिसतात, ऑक्सफर्ड बिब्लिओग्राफीजवर प्रत्येक विषयाची प्रस्तावना दिसते. तेवढ्यावरून दोन-तीन मूळ लेखकांची नावं कळतात आणि लेख योजनेतून काढता येतात. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर खातं उघडलं की काही कोश तासाभरासाठी उसने घेता येतात, पण अमेरिकेतल्या प्रकाशकांच्या खटल्यानंतर तिथून पाच लाखांवर पुस्तकं निघाली, तेव्हा त्याच्या भरवशावर वेळापत्रक आखू नका. अनुदानित महाविद्यालयातल्यांनी आपल्या ग्रंथपालांकडून एन-लिस्टचं (महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि जर्नलं पुरवणाऱ्या योजनेचं) लॉगिन मागून घ्यावं. बऱ्याच ठिकाणी सदस्यत्व असतं आणि पासवर्ड कुणी मागितलेलाच नसतो.

भारताचा भाग वर सांगितलेल्या कोशांत पातळ आहे, हे मान्य करूनच पुढे जावं. तो सरकारी अहवालांनी भरून काढावा लागतो, आणि हे अहवाल अनेकांना ‘संदर्भग्रंथ’ वाटतच नाहीत. न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाचा १९५४ चा अहवाल, आणि त्याचाच भाग म्हणून जे. नटराजन यांनी लिहिलेला भारतीय पत्रकारितेचा इतिहास. दुसऱ्या आयोगाचा १९८२ चा अहवाल. नभोवाणी-दूरचित्रवाणीवर १९६६ चा चंदा समितीचा, १९७८ चा वर्गीस समितीचा आणि दूरदर्शनवर पु. चं. जोशी समितीचा. युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाचा १९८० चा अहवाल युनेस्कोच्या संकेतस्थळावर पूर्ण आणि मोफत आहे. चित्रपटासाठी आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमेन यांचा ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ इंडियन सिनेमा’ घ्या, पण १९९९ ची सुधारित आवृत्ती. १९९४ चीच प्रत कपाटात असेल तर तारखा आणि श्रेयनामावली दुसरीकडे ताडून घ्या. चळवळींच्या माध्यमांवर जॉन डाउनिंग यांचा २०११ चा एकखंडी कोश आहे. भारतावरच्या नोंदी त्यात बऱ्या आहेत, आणि तो विकत घ्यावा असं कुणी सुचवताना दिसत नाही.

आकडेवारीत प्रबंध हमखास घसरतात. ‘प्रेस इन इंडिया’ हा वृत्तपत्र निबंधकांचा (आरएनआयचा) वार्षिक अहवाल. त्यातला खप हा प्रकाशकाने वार्षिक विवरणात स्वतः सांगितलेला असतो. एबीसीचा (ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्सचा) खप तपासलेला असतो, पण सदस्य असलेल्या वृत्तपत्रांचाच. आयआरएस (इंडियन रीडरशिप सर्व्हे) खप मोजत नाही, वाचक मोजतो. एक अंक घरात चौघं वाचतात, शिवाय कटिंगच्या दुकानात आणखी दहा जण, म्हणून वाचकसंख्या खपाच्या कितीतरी पट दिसते. ही तीन प्रकारची संख्या एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी मांडलेली दिसते तेव्हा पुढचं वाचायची इच्छा मरते. शिवाय आयआरएसची मालिका २०१९ च्या फेरीनंतर खंडित झाली आहे. ‘ताजी आकडेवारी’ म्हणून तिचा हवाला द्यायचा तर साल ठळक लिहा. निबंधकांच्या पदाचं नावही बदललं. १८६७ च्या कायद्याच्या जागी २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि आरएनआयचं प्रेस महानिबंधक कार्यालय झालं. जुन्या अहवालाला जुनं नाव, नव्याला नवं.

मराठीकडे वळलं की चित्र सुधारतं. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड ऑनलाइन मोफत आहेत, आणि ‘वृत्तपत्रे’ ही नोंद कोणत्याही विद्यार्थ्याने आधी वाचावी अशीच. फक्त एक पथ्य पाळा. विश्वकोशाचे खंड १९७६ पासून पुढे जवळपास चार दशकं निघत राहिले. म्हणजे नोंदीचं वय तिच्या पहिल्या अक्षरावर ठरतं. ‘जाहिरात’ ही नोंद वर्णक्रमात आधी येते, तेव्हा तिच्यातलं जगही आधीचं. ‘वृत्तपत्रे’ बऱ्याच नंतरची. ऑनलाइन वाचताना खंडाचं साल समोर नसतं आणि दोन्ही नोंदी एकाच काळातल्या वाटतात. विश्वकोश मंडळाच्या ज्ञानमंडळांनी लिहिलेल्या नव्या नोंदी वेगळ्या आहेत. संदर्भ देताना कोणती वाचली ते स्पष्ट करा. शब्द जुना वापरून बघायला विसरू नका : ‘रेडिओ’ नाही सापडला तर ‘नभोवाणी’, ‘टीव्ही’ नाही तर ‘दूरचित्रवाणी’.

पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा ‘वृत्तपत्रविद्या परिभाषा कोश’ आहे. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याने एक गोष्ट पहिल्याच प्रकरणात उरकावी : कोणत्या इंग्रजी संज्ञेला कोणता मराठी शब्द वापरणार याची दोन पानी यादी. परिभाषा कोशातला शब्द एक, पाठ्यपुस्तकातला दुसरा, मार्गदर्शकांच्या तोंडी तिसरा, असं सर्रास होतं. ‘अजेंडा सेटिंग’चे (लोकांनी कशावर विचार करायचा ते माध्यमं ठरवतात, या सिद्धांताचे) तीन अवतार एकाच प्रबंधात दिसले की वाचणाऱ्याला तीन सिद्धांत वाटतात. कोशातला शब्द जड वाटला तर ‘अजेंडा सेटिंग’ हेच देवनागरीत लिहा, काही बिघडत नाही.

इतिहासासाठी रा. के. लेले यांचा ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ आणि त्याआधीचा रा. गो. कानडे यांचा ‘मराठी नियतकालिकांचा इतिहास’. पहिला सर्वत्र उद्धृत होतो, दुसरा शोधावा लागतो, पण एकोणिसाव्या शतकासाठी दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. पहिलं मराठी वृत्तपत्र कोणतं, हा साधा प्रश्न घ्या. पत्रकार दिन ६ जानेवारीला, म्हणजे १८३२ च्या ‘दर्पण’च्या पहिल्या अंकाच्या दिवशी. पण १८२८ सालच्या ‘मुंबापूर वर्तमान’चा दावाही संदर्भग्रंथांत येतो. ‘दर्पण हे पहिले’ असं बेधडक लिहून पुढे गेलेला प्रबंध त्या एका वाक्यात दाखवून देतो की लेखकाने एकच पुस्तक पाहिलं. शं. ग. दाते यांच्या सूची, ग्रंथांची आणि १८०० ते १९५० मधल्या नियतकालिकांची, या कामात कण्यासारख्या आहेत. वाचायला रुक्ष. नुसती नावं, स्थळं, सालं. पण एखादं साप्ताहिक खरंच होतं की ऐकीव आख्यायिका, याचा निकाल बहुतेकदा तिथेच लागतो.

आता सोलापूरचाच विषय घेतलेल्यांसाठी. इथे वृत्तपत्रांची परंपरा मोठी. ‘कल्पतरू आणि आनंदवृत्त’ एकोणिसाव्या शतकातलं, ‘संचार’ आजही चालू. पण इंग्रजी साधनांत ‘सोलापूर’ शोधलं तर निम्मी सामग्री दिसतच नाही. इंग्रज अमदानीत स्पेलिंगमध्ये ‘एस’पाठोपाठ ‘एच’ येई, ‘शोलापूर’ म्हणावं तसं. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा विसावा खंड त्याच नावाने आहे. जुन्या स्पेलिंगने शोधायला लागलात की दार उघडतं. सगळ्यांत मोठं घबाड म्हणजे ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह न्यूजपेपर्स’. सरकारी अनुवादक देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी उतारे दर आठवड्याला काढत, आणि सोबत पत्राचं नाव, गाव, संपादक, खप यांचा तक्ता जोडत. साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज या जेस्टोरवरच्या मोफत संग्रहात हे अहवाल लॉगिनशिवाय पाहता येतात. ‘कल्पतरू’चे मूळ अंक न पाहताही त्याची सरकारला कोणती वाक्यं खटकली ते इथे कळतं. सावधगिरी एवढीच, की ही अनुवादकाची निवड आहे. खटकलं ते आलं, न खटकलेलं गेलं. त्यावरून ‘कल्पतरूचा आशय’ ठरवणं म्हणजे फक्त तक्रारपेटी वाचून गावाची कथा सांगणं.

सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉवर काम करणाऱ्यांना नावांचा त्रास होतो. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ या पत्राचे संपादक. पत्राचं नाव कुठे ‘गझनफर’, कुठे ‘गजनफर’. त्यांचं नाव कुठे कुर्बान, कुठे क्यू अक्षराने सुरू होणारं. प्रत्येक साधनात किमान तीन रूपं टाकून बघितल्याशिवाय ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहू नये. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर नोंदणी मोफत आहे आणि त्या काळातल्या गृह खात्याच्या फाइली तिथे शोधता येतात.

स्थानिक दैनिकांच्या बांधीव फाइली हा वेगळाच प्रकार. वृत्तपत्री कागद लाकडी लगद्याचा, आम्लयुक्त, त्यात आपल्याकडचा कोरडा उन्हाळा. पन्नास वर्षांपूर्वीचा अंक घडीवर कडक भाकरीसारखा मोडतो. फाइल उभी धरून पान उलटायचं नाही. टेबलावर सपाट ठेवून, पानाखाली पुठ्ठा सरकवून उलटायचं. फोटो काढायची परवानगी आधी लेखी घ्या. फ्लॅश बंद. आधी पूर्ण पानाचा एक फोटो, ज्यात वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक येईल, मगच रकान्याचा. नुसत्या रकान्याचे चारशे फोटो घेऊन घरी गेलेल्याला दुसऱ्या दिवशी तारीख कोणती ते सांगता येत नाही, आणि फाइल पुन्हा काढून द्यायला कर्मचारी राजी नसतो. त्याचं चुकत नाही.

सेवेबद्दल बोलायचं तर शहरातल्या वाचनालयांत सौजन्य चांगलं, संदर्भसेवा कमी. एका ठिकाणी संदर्भ विभागाच्या काचकपाटांना कुलूप आणि किल्लीवाला दुपारी जेवायला गेलेला. दुसऱ्या ठिकाणी कोश स्पर्धा परीक्षांच्या गाइडांमागे दुसऱ्या रांगेत. ‘माध्यमांवर काही आहे का’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं, आणि ते प्रामाणिकही असतं. ग्रंथाचं नाव, संपादक, साल आणि शक्य तर वर्गांक कागदावर लिहून दिला तर तेच कर्मचारी पाच मिनिटांत पुस्तक काढून देतात. सकाळी जावं. संध्याकाळी वाचनकक्ष अभ्यासिकेच्या मुलांनी भरतो आणि मोठे खंड उघडायला टेबल उरत नाही.

शहरात नाहीच मिळालं तर आधी कोल्हापूर, मग पुणे. कोल्हापूर का? सोलापूरचं विद्यापीठ २००४ चं. त्याआधी इथली महाविद्यालयं शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. सोलापूरच्या वृत्तपत्रांवरचे जुने प्रबंध म्हणूनच तिथल्या खर्डेकर ग्रंथालयात सापडण्याची शक्यता जास्त. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरही सोलापूर विद्यापीठाचं नाव टाकून थांबलात तर २००४ च्या आधीचं काहीच दिसणार नाही. शिवाजी विद्यापीठ निवडून ‘सोलापूर’ शोधा. संदर्भग्रंथ आंतरग्रंथालयीन देवघेवीत सहसा येत नाही, पण एखाद्या नोंदीची छायाप्रत मागता येते. संशोधनासाठी असा मर्यादित वापर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसतो. मागणीत खंड, नोंदीचं शीर्षक आणि पानं लिहा. ‘कोशातली माध्यमांची माहिती पाठवा’ या पत्राला उत्तर येत नाही. भारतात प्रत कुठे आहे ते इन्फ्लिबनेटच्या इंडकॅट या विद्यापीठ ग्रंथालयांच्या एकत्रित तालिकेवर पाहता येतं.

पुण्याला जायचं तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडावी. त्याच चौघांच्या नावाची गाडी, त्यात एक संपादक. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाची तालिका आदल्या रात्रीच ऑनलाइन पाहून वर्गांक लिहून घ्या. बाहेरच्या संशोधकाला एका दिवसाच्या प्रवेशासाठी विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र, दोन्ही जवळ असावीत. पत्रावर ‘संदर्भ विभाग व नियतकालिक विभाग’ असं दोन्ही लिहून घ्या, नाहीतर एकाच दारातून आत सोडतात. चित्रपटाचं काम असेल तर लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय त्याच फेरीत कोंबू नका. तिथे आधी कळवून स्वतंत्र दिवस ठेवा. परतीची गाडी संध्याकाळी, म्हणजे हाती साधारण सहा तास. त्यात बारा खंड वाचून होत नाहीत. सूचीच्या खंडापासून सुरुवात, मग हव्या त्या दहा-पंधरा नोंदींच्या छायाप्रती. प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात नोंदीच्या लेखकाचं नाव आणि खंड क्रमांक तिथल्या तिथे पेनाने लिहा. कोशातल्या नोंदीचा संदर्भ संपादकाच्या नावाने देता येत नाही, तो नोंदलेखकाच्या नावाने द्यायचा असतो, आणि ते नाव नोंदीच्या शेवटी बारीक अक्षरांत असलं की झेरॉक्सवाल्याच्या हातून नेमकं तेच कापलं जातं.